मोशन कंट्रोल घ्यावं का? आधी टीव्हीसमोरची जागा बघा

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की, नाहीतर कुणी परदेशातून यायचं असलं की. “ते हात हलवून खेळायचं असतं ना, ते घ्यावं का रे?” विचारणाऱ्याने तोवर चार व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्या चारही व्हिडिओंत खेळणारा माणूस रिकाम्या, लांबरुंद हॉलमध्ये उभा असतो. आपल्या हॉलमध्ये सोफा असतो, टीपॉय असतो, काचेचं शोकेस असतं, डोक्यावर पंखा असतो आणि कोपऱ्यात देव असतात. पैसे वसूल होणार की वाया जाणार, हे या पाच गोष्टींवर ठरतं. कन्सोल (टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र) कोणता, हा नंतरचा प्रश्न.

स्वतःच्या घरी, बहिणीकडे, दोन मावश्यांकडे आणि सोसायटीच्या गणपतीत मी हा सरंजाम इतक्यांदा मांडलाय की आता डोळे मिटून वायरी जोडता येतात. तेव्हा टीव्हीला कन्सोल कसा लावायचा हे सांगत बसत नाही.

१. खेळणार कोण?

एकटे खेळणार असाल, सोफ्यावर पाय पसरून, रात्री दोन-दोन तास, तर घेऊ नका. आठ दिवसांत कंटाळाल. घरात आजी-आजोबा, सात-आठ वर्षांची मुलं आणि येणारे-जाणारे पाहुणे असतील, तर जरूर घ्या. माझी आई पॅडवरची (नेहमीच्या दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवरची) बटणं पाहूनच हात जोडते, पण पिना पाडायच्या बॉलिंगचा चेंडू टाकताना माझ्यापेक्षा सरळ टाकते, तोही खुर्चीत बसून. निन्टेंडो कंपनीने २००६ साली रिमोट हातात धरून खेळायचा वी (Wii) हा कन्सोल बाजारात आणला तो याच माणसांसाठी, आणि तो दहा कोटींवर खपला. ज्यांनी आधी कधी पॅड हातात धरलं नव्हतं, त्यांना मनगट कसं फिरवायचं ते शिकवावं लागलं नाही.

२. घरात आधीच आहे का ते बघा

प्लेस्टेशन ४ किंवा ५ चं पॅड असेल तर त्यात जायरोस्कोप (पॅड कुठे, किती वळलं ते ओळखणारा सेन्सर) आहेच. निन्टेंडोच्याच स्विच या नंतरच्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्येही आहे. कॉम्प्युटरवर स्टीम या खेळांच्या ॲपमधून यातलं कुठलंही पॅड जोडून जायरोने नेम धरता येतो: मोठी हालचाल काडीने (पॅडवरच्या अंगठ्याने फिरवायच्या दांडीने), शेवटची बारीक दुरुस्ती पॅड किंचित कलवून. पहिले तीन दिवस विचित्र वाटतं, मग नुसत्या काडीवर परत जाववत नाही. मी स्वतः रोज वापरतो ते मोशन कंट्रोल एवढंच, आणि त्याला एक रुपयाही जास्तीचा पडलेला नाही. ज्यांना फक्त नेमबाजी सुधारायची आहे त्यांनी इथेच थांबावं.

३. काय घ्यायचं, काय नाही

नवं घ्यायचं तर स्विच. पण स्विच लाइट नाही! त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि तो टीव्हीला लागतही नाही. स्वस्त पडतो म्हणून तोच गळ्यात मारणारे दुकानदार पुष्कळ. स्विच २ वर जुने खेळ चालतात, मात्र व्यायामाचा रिंग फिट घ्यायचा बेत असेल तर पहिल्या स्विचचेच जॉय-कॉन (त्याचे सुटे होणारे कंट्रोलर) लागतात, हे आधी लक्षात ठेवा.

कमी पैशांत हौस भागवायची तर जुना वी. घेताना तीन गोष्टी बघा. रिमोटच्या सेलचं झाकण उघडून आत पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतंय का. रिमोटवर ‘मोशनप्लस इन्साइड’ छापलेलं आहे का. नसेल तर त्यात जायरोस्कोप नाही, आणि २००९ चा वी स्पोर्ट्स रिसॉर्ट वेगळा जोड लावल्याशिवाय चालत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे अडॅप्टर. अमेरिकेतल्या वीचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. माझ्या आतेभावाने तिकडून आणलेला कन्सोल मोठ्या उत्साहाने आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावला आणि घरभर वास सुटला. कन्सोल वाचला, अडॅप्टर गेला. शिवाय वीला प्रदेशाचं कुलूप आहे. अमेरिकेच्या कन्सोलवर युरोपची डिस्क चालत नाही. ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये बंद झालं, म्हणजे ज्या डिस्क हाताशी असतील तेवढेच खेळ.

किनेक्ट (एक्सबॉक्सचा, रिमोटशिवाय अंगाची हालचाल ओळखणारा कॅमेरा) घेऊ नका. कल्पना सुंदर होती. २०१० मध्ये पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख विकले गेले आणि २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं. एकट्याला सहा फूट, दोघांना आठ फूट मोकळी जागा हवी, तीही कॅमेऱ्यासमोर रिकामी. साडी किंवा घेरदार कपडे असले की पाय कुठले ते ओळखताना अडखळतो. ज्याचा हॉल दहा बाय बाराचा आहे त्याने सोफा कुठे न्यायचा? प्लेस्टेशनच्या मूव्ह या हात हलवून खेळायच्या कंट्रोलरचीही तीच गत. दिव्याचा गोळा छान दिसतो, पण नवे खेळ नाहीत.

४. जागा

टीव्हीपासून पाच-सहा फुटांवर उभे राहा, दोन्ही हात पसरा, एकदा गोल फिरा. जे लागेल ते हलवा. दोघं खेळणार असतील तर खडूने दोन चौकोन आखा.

आणि पंखा बंद करा. टेनिसची सर्व्हिस करताना उंच माणसाचा हात रिमोटसकट किती वर जातो, ते एकदा पंखा बंद ठेवून बघाच. उकडतं म्हणून पंखा लावून खेळणाऱ्यांना मी घरी बोलावत नाही. टेबल फॅन लावा.

५. उजेड: इथेच सगळे फसतात

“वीचा पडद्यावरचा बाण थरथरतो”, “मध्येच गायब होतो”, “टेनिस नीट चालतं पण मेनूतलं बटण दाबता येत नाही”. या तक्रारींवर नेहमीचा सल्ला एकच: सेल बदला, नवा सेन्सर बार (टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायची पट्टी) घ्या. दोन्ही बहुतेक वेळा चुकीचं. मीही या सल्ल्यापायी दोन रविवार घालवलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळात ‘सेन्सर बार’ हे नावच फसवं आहे. त्यात सेन्सर नाही. त्याच्या दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारे बारके दिवे आहेत, बस्स. कॅमेरा आहे तो रिमोटच्या नाकात. तो समोर दोन ठिपके शोधतो आणि त्यांच्यावरून आपण कुठे रोखलेले आहोत याचा हिशेब करतो. रॅकेट फिरवणं, चेंडू टाकणं हे रिमोटच्या आतला हालचालीचा सेन्सर ओळखतो, त्याला या ठिपक्यांची गरज नाही. म्हणून टेनिस चालतं आणि मेनू चालत नाही. असं झालं की समजायचं, बिघाड उजेडात आहे, रिमोट ठीक आहे.

आता गंमत अशी की रिमोटच्या त्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड कुठूनही आलेला चालतो. बार मोडला असेल तर वीतभर अंतरावर दोन मेणबत्त्या ठेवून वी चालतो, मी चालवलाय. (पडदे आणि मुलं जवळ असताना करू नका.) जे ठेवून चालतं, ते नको तिथे असलं की बिघडतंही. थोरल्या मावशीकडे हेच झालं. दुपारी सगळं झकास, संध्याकाळी सात वाजले की बाण टीव्हीभर नाचायला लागायचा. मी सेल बदलले, रिमोट पुन्हा जोडला, बार टीव्हीच्या वर लावला, खाली लावला, माझ्या घरचा बार नेऊन लावला. काही नाही. दुसऱ्या रविवारी, रोज सातलाच का, असा विचार करत असताना मावशीने दिवा लावला. टीव्हीशेजारी दोन फुटांवर देव्हारा, त्यात पाच वातींची समई. रिमोटला दोन ठिपक्यांऐवजी दिव्यांची रांग दिसत होती. समई हलवू का, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, “देव इथे माझ्या लग्नापासून आहेत. तुझा टीव्ही हलव.” शेवटी देव्हाऱ्याचं एक दार अर्धं लोटून प्रकरण मिटलं.

तेव्हा माझ्यासारखे दोन रविवार घालवू नका. हे करा. वीच्या सेटिंग्जमध्ये सेन्सर बार आणि त्यात सेन्सिटिव्हिटी असा पडदा आहे. तो उघडून, जिथून खेळणार तिथे उभे राहून रिमोट टीव्हीकडे रोखा. काळ्या पडद्यावर रिमोटला जे दिसतंय ते ठिपक्यांच्या रूपात दिसतं. दोन स्थिर ठिपके म्हणजे उत्तम. एक किंवा शून्य म्हणजे बार बंद, झाकलेला किंवा फार लांब आहे. दोनपेक्षा जास्त म्हणजे घरात आणखी काहीतरी चमकतंय. मग हळूहळू रिमोट फिरवत ते शोधा. इतका कामाचा पडदा आणि कुणी उघडूनही बघत नाही!

माझ्या अनुभवातले गुन्हेगार असे. पश्चिमेची खिडकी, चार ते सहा. जाड पडदा ओढा. पिवळा, तारेचा बल्ब. जुन्या पद्धतीच्या बल्बच्या तोरणातही तोच असतो. एलईडीच्या माळा निर्दोष आहेत, त्या खुशाल लावा. गणपतीत आम्ही मखराच्या एलईडीला उगीच दोष देत बसलो होतो, अडचण निरांजनाची निघाली. आणि सगळ्यात छुपा गुन्हेगार म्हणजे काच. टीव्ही काचेच्या टेबलावर असेल आणि बार त्या काचेवर ठेवला असेल, तर खाली त्याचं प्रतिबिंब पडतं आणि दोनाचे चार ठिपके होतात. शोकेसच्या काचेतही होतं. बारखाली जाडसर कापड अंथरा, किंवा बार टीव्हीच्या डोक्यावर लावा. वर लावलात तर सेटिंगमध्येही ‘वर’ असं सांगा, ते विसरलं की बाण सतत उंच-सखल वाटतो.

बार चालू आहे की नाही हे बघायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. टोकांना जांभळट ठिणग्यांसारखे दिवे दिसतात. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसले तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा, मगच बार मेला असं म्हणा.

६. स्विचवाल्यांसाठी

तुम्हाला बार नाही, उजेडाची भीती नाही. तुमचा त्रास वेगळा आहे: जायरो हळूहळू भरकटतो. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, त्यात मोशन कंट्रोल कॅलिब्रेट करा, म्हणजे पुन्हा शून्यावर आणा. ते करताना जॉय-कॉन गादीवर, सोफ्याच्या हातावर किंवा मांडीवर ठेवू नका. स्वयंपाकघरातला ओटा किंवा लादी, आणि बाजूला मिक्सर चालू नको. सपाट, स्थिर जागा म्हणजे खरोखर सपाट, स्थिर जागा.

काडी न हलवता खेळाडू आपोआप एकीकडे चालायला लागला तर तो आजार वेगळा, तो काडीचा. जायरो शंभर वेळा कॅलिब्रेट करून तो बरा होत नाही. ही दोन दुखणी एकच समजून लोक महिनोन्‌महिने चुकीचं औषध देत बसतात.

७. मनगटाचा पट्टा

बांधा. पाहुण्यांनाही बांधायला लावा. २००६ च्या डिसेंबरमध्ये निन्टेंडोने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून दिले होते, यावरून हातातून रिमोट किती सुटतात ते कळावं. जॉय-कॉनचा पट्टा बसवताना त्यावरची अधिक-उणे खूण कंट्रोलरच्या खुणेशी जुळवा. उलटा घुसवलात तर तो असा अडकतो की काढताना घाम फुटतो.

प्लॅस्टिकच्या रॅकेट, गोल्फच्या काठ्या, बंदुकीच्या मुठी यांवर पैसे घालवू नका. रिमोट लांब होतो, जड होतो आणि टीव्हीच्या जवळ जातो, बाकी काही होत नाही. घ्यायचंच तर वीच्या रिमोटचं सिलिकॉनचं कव्हर घ्या.

८. टीव्ही

टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावा, चित्र उशिरा यायचं कमी होतं. हात फिरल्यावर चेंडू उशिरा गेला की आई “हे बिघडलंय” म्हणून उठते आणि परत बसत नाही. नव्या टीव्हीला वीची जुनी तिरंगी वायर लागत नसेल तर एचडीएमआयचा कन्व्हर्टर येतो.

९. पंधरा दिवसांनी

हौस ओसरते, हे धरून चाला. आमच्याकडे वी वर्षातून तीनदा माळ्यावरून खाली येतो: मे महिन्यात, गणपतीत, दिवाळीत. तीनदा का होईना, भरपूर खेळला जातो. एवढ्यासाठी नवा स्विच घेणं मला महाग वाटतं, जुना वी नाही. परत माळ्यावर टाकताना मात्र रिमोटमधले सेल काढून वेगळे ठेवा. त्या विसरलेल्या सेलांनी माझे दोन रिमोट खाल्लेत.