देवराईत लोकांना जंगल कसे दाखवावे: वनसंशोधकांसाठी

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा, अभ्यास केला, तेव्हापासून या राया संशोधकांना परिचित आहेत. गावाला मात्र त्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यामुळे देवराईत गावकऱ्यांना किंवा शहरातून आलेल्या मंडळींना परिसंस्था समजावून सांगायची असेल, तर यजमान आपण नसतो, हे आधी ध्यानात घ्यावे. गुरव, मानकरी आणि ग्रामपंचायत यांना आठवडाभर आधी भेटून पादत्राणे कुठे काढायची, पालापाचोळा उचलायचा की नाही, कोणत्या भागात कोणी जायचे नाही, हे विचारून घ्यावे. काही गावांत देवाचा कौल घेतल्याशिवाय होकार मिळत नाही. तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

पंधरा-वीसपेक्षा जास्त माणसे नेऊ नयेत. थांबे तीन-चारच ठेवावेत आणि त्यांपैकी एका झाडापाशी भरपूर वेळ द्यावा. नावांची यादी कोणाच्या लक्षात राहत नाही, पण स्वतः घेतलेले माप राहते. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाभोवती पट्टा धरायला लावावा. उतारावरच्या झाडासाठी ही उंची चढाच्या बाजूने मोजतात. खोडाला बिलगलेली वेल पट्ट्याखाली येऊ देऊ नये. बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे असतील, तर ती जिथे संपतात त्याच्या वर माप घ्यावे. घेर ३१४ सेंटिमीटर भरला, तर त्याला ३.१४ने भागून व्यास १०० सेंटिमीटर येतो, हे शाळकरी मुलेही तिथल्या तिथे काढतात.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे झाड किती वर्षांचे? येथे आकडा फेकण्याचा मोह टाळावा. सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट दिसतात, पण सदाहरित जंगलातील अनेक जातींमध्ये ती तशी उमटत नाहीत. शिवाय सावलीत अडकलेले रोप वर्षानुवर्षे जेमतेम वाढते. म्हणूनच घेरावरून वय सांगता येत नाही, आणि तेच झाड काही वर्षांनी पुन्हा मोजले तर वाढीचा वेग कळतो, असे सरळ सांगावे.

दुसरा थांबा ढोली असलेल्या जुन्या किंवा वाळलेल्या झाडापाशी घ्यावा. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. त्याच्या पोटातून गेलेल्या बिया पुढे रानभर पडतात. ‘वाळलंय, काढून टाकू’ असे म्हणणाऱ्याला उपदेशापेक्षा ही ढोली दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. विणीच्या काळात मात्र ती दुर्बिणीतून, लांबूनच दाखवावी.

पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो का, हे कोणीतरी विचारतेच. उजेड नसताना प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू बाहेर पडत नाही आणि रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे श्वसनासाठी तो वापरतो, हे कोणाच्या श्रद्धेची खिल्ली न उडवता सांगता येते. ‘राई आहे म्हणून झरा आटत नाही’ या विधानाला मात्र लगेच होकार किंवा नकार देऊ नये. पालापाचोळा आणि मुळांमुळे पाणी जमिनीत मुरायला मदत होते, पण झरा खडक, उतार आणि पाऊस यांवरही अवलंबून असतो. खात्री हवी असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला एक बादली भरायला लागणारा वेळ गावानेच नोंदवावा, असे सुचवावे.

दुर्मीळ आमरीचे (ऑर्किडचे) छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना ठिकाणाचे नाव देऊ नये आणि मोबाइलमधील स्थाननोंद बंद करायला सर्वांना सांगावे, कारण आमऱ्या उपटून विकल्या जातात.

घेतलेल्या मापांची मराठीतील प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. पुढच्या वेळी पट्टा त्याच जागी बसावा म्हणून खोडावर रंगाची खूण करतात, परंतु देवाच्या झाडाला रंग किंवा खिळा गावाच्या संमतीशिवाय लावू नये; संमती नसेल, तर झाडाची जागा, मापाची उंची आणि पट्टा धरल्याची बाजू वहीत नेमकी लिहून ठेवली तरी काम भागते.