नाळी आधी, कापणी नंतर: पवनचक्कीच्या शेपटीचा पत्रा शिकताना

एम.एस.साठी टेक्सासला आलो आणि एका रविवारी लबकच्या पवनचक्की संग्रहालयात गेलो. शंभराहून जास्त चक्क्या एका जागी बघितल्या आणि हे वेड लागलं. नोकरी लागल्यावर शनिवार-रविवार एका वयस्क कारागिराच्या शेडमध्ये शेतावरच्या जुन्या चक्क्यांच्या शेपट्या, म्हणजे पात्यांच्या चक्रामागे दांड्यावर बसवलेले सपाट पत्रे, दुरुस्त करत आलोय. या कामात उतरायचंय म्हणून अलीकडे बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कात्री, फोल्डिंग, रिव्हेट हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

शेपटीवर कंपनीचं नाव रंगवलेलं असतं म्हणून लोक तिला पाटी समजतात. तिचं काम फार मोठं आहे. बहुतेक लोखंडी चक्क्यांत चक्र खांबाच्या मध्यापासून थोडं बाजूला बसवलेलं असतं. वारा वाढला की ते शेपटीकडे वळायला बघतं आणि स्प्रिंग त्याला धरून ठेवते. वारा आणखी वाढला की स्प्रिंग ताणली जाते, चक्र शेपटीला समांतर होतं आणि वादळ कडेने निघून जातं. शेपटीचं क्षेत्रफळ बदललंत तर हा तोल बदलला. पत्रा जाड घेतलात तर बिजागरीवर फुकटचा भार. टॉमस पेरी यांनी 1882-83 मध्ये चक्रांवर पाच हजारांवर चाचण्या घेतल्या आणि त्यातूनच 1888 साली एअरमोटर ही लोखंडी पवनचक्की बाजारात आली. त्या लोकांनी मापं अंदाजाने ठरवली नव्हती, आपणही ठरवू नयेत.

भारतात शिकून आलेल्यांनी गेजच्या, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या, नंबरावर अजिबात विसंबू नये. आपल्याकडे 22 नंबर म्हणजे साधारण 0.71 मिलिमीटर. अमेरिकेत 22 नंबरचा जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा जस्तासकट 0.85 च्या आसपास भरतो. जुन्या शेपटीवरच्या पट्टीखाली न गंजलेली जागा शोधा, मायक्रोमीटर लावा आणि मिलिमीटरमध्येच बोला.

आता मी जिथे अडकलो ते.

माझी पहिली शेपटी कुजलेली होती, पत्रा नवीन घालायचा होता. जुन्या पत्र्यावर कागद अंथरून तंतोतंत छाप काढला, नवा पत्रा त्याच मापाला कापला, भोकंही पाडून घेतली. मग त्यावर यंत्राने चार नाळ्या, म्हणजे पत्रा ताठ राहावा म्हणून पाडायच्या लांब खाचा, दाबल्या. पत्रा यंत्रातून बाहेर आला तो कडेला लाटा घेऊनच. रिव्हेटची भोकं दांड्याच्या पट्ट्यांशी जुळेनात. मी दोन दिवस मोगरीने ठोकत बसलो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर पत्रा आणखी बिघडत गेला.

कारण नीट समजून घ्या, घाई करू नका. नाळी 12 मिलिमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर खोल असेल तर तिच्या वळणाची लांबी 15 च्या वर जाते. हे वरचे तीन-साडेतीन मिलिमीटर कुठून तरी यायला हवेत. थोडं पत्रा ताणला जाऊन मिळतं, बाकीचं बाजूच्या सपाट भागातून ओढलं जातं. चार नाळ्या म्हटल्या तर हिशोब तेरा मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. आणि माझ्या शेपटीत नाळी कडेपर्यंत जात नव्हती, तीन बोटं अलीकडेच थांबत होती. म्हणजे मधला भाग आखडला, कड होती तेवढीच राहिली. जास्तीच्या कडेला जायला जागा नाही, मग ती लाटा घेते. ठोकून पत्रा आखडत नाही, पसरतो. म्हणून माझी मोगरी आगीत तेल ओतत होती.

उपाय क्रमात आहे. पत्रा चारी बाजूंनी मोठा घ्या. नाळीची जागा चाकावर (पत्रा दोन चाकांमध्ये दाबून ताणायच्या यंत्रावर) आधी हलकी ताणून घ्या. नाळी एका दमात खोल करू नका, चार-पाच फेऱ्यांत उतरवा. त्यानंतर छाप ठेवा, बाहेरची रेघ मारा, कापा, भोकं पाडा आणि कड शेवटी मुरडा.

हल्ली बरेच जण संगणकावर चित्र काढून लेसरने भोकांसकट पत्रा कापून आणतात. नाळ्या असलेल्या शेपटीसाठी हा रस्ता धरू नका, तुमचा पत्रा माझ्यासारखाच भंगारात जाईल. उस्ताद निवडताना तो तुमच्या हातात कात्री देतो की नाही तेवढं बघा. माझ्या उस्तादांनी मला दोन दिवस ठोकू दिलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवा पत्रा टेबलावर ठेवला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. तेव्हा राग आला होता, आज मी त्यांचा ऋणी आहे.

जी.आय. पत्र्यावर वेल्डिंग करू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुनं काम रिव्हेटचं आहे, तुम्हीही रिव्हेटच मारा. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

बंदुकीच्या गोळ्यांची भोकं बघून मात्र घाबरू नका. जुन्या शेपट्यांवर ती हमखास असतात. मागून लोखंडी ठोकळा धरून उमललेली कड हळूहळू बसवली की पत्रा टिकतो, आणि मूळ अक्षरं शाबूत असतील तर मालक भोकांसकट तीच शेपटी मागतो. नवा पत्रा घालायची वेळ वाटते तितकी येत नाही. एक-दोन पत्रे वाया जातील, जाऊ द्या. माझे तीन गेले.

शिडी लावण्याआधी शेपटी दोन लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) आडवी ठेवा आणि दोन नाळ्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. पत्रा टक् करून आत गेला आणि तिथेच राहिला, तर ती शेपटी अजून वर चढवायची नाही.