फुलोऱ्यातली कपाशी लाल-पिवळी पडली? फवारणीआधी झाड असं वाचा

पोळा सरला की खान्देशात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "पऱ्हाटी (कपाशी) लाल पडी गयी, आते काय मारू?" जूनमध्ये लावलेली कपाशी तेव्हा सत्तर-ऐंशी दिवसांची असते. पाते (कळ्या), फुलं आणि कैऱ्या (हिरवी बोंडं) एकाच झाडावर असतात आणि झाडाची भूक सगळ्यात मोठी असते. नेमकं याच वेळी पान रंग बदलतं, आपण ते पान खिशात घालून दुकान गाठतो आणि तीन-चार बाटल्या घेऊन परत येतो.

मीही तेच केलं आहे. एका वर्षी चार एकरांतली पानं कडेने लालसर झाली. दुकानदाराने पान पाहून "लाल्या आहे", म्हणजे कमतरतेने पान लाल पडलं आहे, असं म्हटलं आणि मी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या दोन फवारण्या उरकल्या. फरक शून्य. तिसऱ्या आठवड्यात बहिणीच्या मुलाने सहज एक पान उलटं केलं, तर खाली तुडतुडे पळत होते. झाडाला खत कमी नव्हतं, त्याचा रस शोषला जात होता. म्हणून "काय मारू" याच्या आधी "काय कमी आहे, आणि खरंच कमी आहे का" हे पाहावं. त्याला अर्धा तास पुरतो.

आधी शेत पाहा, मग झाड

बांधावर उभं राहून लाल-पिवळा पट्टा कुठे आहे ते बघा. पाणी साचतं त्या खोलगट भागातच झाडं मलूल असतील, तर दुखणं मुळाशी आहे. फक्त मुरमाड, उताराच्या तुकड्यात असेल तर जमिनीची ताकद आणि ओल कमी पडते आहे. सगळ्या शेतात सारखंच असेल तर खताची मात्रा, हवामान किंवा रसशोषक किडी यांचा विचार करावा. आणि शेजारच्या उसाच्या किंवा मक्याच्या बाजूच्या चार-पाच ओळींतच पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी चिरलेली दिसत असतील, तर ती कमतरता नव्हे. तो 2,4-डी या तणनाशकाचा फटका आहे. वाऱ्याने उडून आलेले थेंब किंवा नीट न धुतलेला पंप एवढंही कपाशीला पुरतं. त्यावर सूक्ष्म अन्नद्रव्यं मारून पैसे घालवू नका.

पान उलटं करा

ही पायरी कधीच गाळू नका. शेतात तिरकं चालत वीस झाडं निवडा आणि प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं उलटी करून बघा. फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे, हात लागताच तिरके पळणारे किडे म्हणजे तुडतुडे. पानामागे सरासरी दोन-तीन सापडले तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. तुडतुड्यांचं पान कडेपासून पिवळं, मग लाल होतं आणि आकसून मुरडतं. पान खालून चंदेरी, चकाकतं दिसलं तर फुलकिडे आहेत. पान चिकट आणि वर काळी बुरशी असेल तर पांढरी माशी किंवा मावा शोधा.

आता नेमकं कोणतं पान बिघडलं आहे?

खालून काही सापडलं नाही, तरच कमतरतेकडे वळा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडात फिरणारी अन्नद्रव्यं आहेत. कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना आणि कैऱ्यांना देतं, म्हणून खुणा खालच्या पानांवर आधी उमटतात. लोह, जस्त, बोरॉन जुन्या पानांतून सहज निघत नाहीत, त्यामुळे त्यांची चणचण शेंड्याकडे दिसते.

खालचं पान सगळंच फिकट पिवळं, शिरांसकट, तर नत्र. पुढे तेच पान तांबूस होऊन गळतं. कोरडवाहूत पावसाने दडी मारल्यावर नत्राचा दुसरा हप्ता द्यायचा राहून गेला की हे हमखास दिसतं.

खालच्या पानाच्या शिरा हिरव्यागार आणि मधला भाग जांभळट लाल, तर मॅग्नेशियम. पान उन्हासमोर धरलं की हिरव्या शिरांचं जाळं स्पष्ट दिसतं. खरा लाल्या म्हणतात तो बहुतेक हाच, आणि त्यात नत्राची कमतरता मिसळलेली असते. ऑक्टोबरात रात्री गार पडू लागल्या की लाली झपाट्याने वाढते. कैऱ्यांनी लगडलेलं झाड आधी लाल होतं, कारण त्याचा सगळा माल कैऱ्यांकडे चाललेला असतो. पण बोंडं फुटून गेल्यावर, झाड म्हातारं झाल्यावर आलेली लाली नैसर्गिक आहे. तिच्यावर खर्च करू नका.

पानाचं टोक आणि कडा करपलेल्या, मधे पिवळे ठिपके, पान जाडसर होऊन खाली वाकलेलं, तर पालाश. इथे एक फसगत होते. भरपूर कैऱ्या एकदम धरणाऱ्या वाणांत पालाशाची कमतरता वरच्या कोवळ्या पानांवरही दिसते, कारण पालाश सर्वांत जास्त ओढून घेते ती कैरी. म्हणून वरचं पान करपलं की लगेच सूक्ष्म अन्नद्रव्यांचा संशय घेऊ नका. आधी झाडावरच्या कैऱ्या मोजा.

शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा बारीक हिरव्या, तर लोह. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. शेंड्याची पानं लहान आणि पेरं आखूड राहिली तर जस्त पाहा. पानाच्या देठावर गडद वलयं, पाते गळणं आणि वेड्यावाकड्या कैऱ्या एकत्र दिसल्या तर बोरॉन. नुसती पातेगळ मात्र बोरॉनच्या माथी मारू नये. सलग ढगाळ हवा, रिमझिम आणि दाट झालेली कपाशी एवढ्यानेही पाते गळतात, आणि धरलेले सगळे पाते टिकवणं कोणत्याच कपाशीला जमत नाही.

मूळ उकरून पाहिल्याशिवाय निदान पुरं होत नाही

तापी-गिरणेकाठच्या काळ्या, भारी जमिनीत मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. एक बिघडलेलं आणि एक चांगलं अशी दोन झाडं कुदळीने हळू काढा, माती झटका आणि तंतुमुळं बघा. चांगली मुळं पांढरट, कडक असतात. पाणी साचलेल्या जागची तपकिरी, मऊ, कुजकट वासाची असतात. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि शेजारी पोतंभर खत असूनही झाड उपाशी राहतं. अशा वेळी वरून खत फेकणं म्हणजे बुडणाऱ्याला जेवायला वाढणं. आधी ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला, म्हणजे माती मोकळी होण्याइतकी सुकली, की कोळपणी करा.

मोठ्या उघडिपीनंतर जोरदार पाऊस किंवा भरपूर पाणी मिळालं आणि हिरवं झाड एका दिवसात मान टाकून उभं राहिलं, तर ती आकस्मिक मर. हा रोग नाही, मुळांना बसलेला धक्का आहे. इथे एक-दोन दिवसच हाताशी असतात. पाणी काढा आणि 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश व 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घेऊन झाडामागे साधारण 100 मिली बुंध्याशी ओता. मग बुंध्याजवळची माती पायाने दाबा.

निदान पक्कं झाल्यावर

सगळी मापं 10 लिटर पाण्याला आहेत. नत्रासाठी युरिया 200 ग्रॅम. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट 100 ग्रॅम, आणि जमिनीत ओल असेल तर एकरी 10 किलो मुळाजवळ. कैऱ्या भरताना पालाशासाठी 13:00:45 हे विद्राव्य खत 100 ग्रॅम. बोरॉन खरंच कमी असेल तर 20 टक्क्यांचं 10 ग्रॅम, त्याहून जास्त अजिबात नको, कारण बोरॉन कमी आणि बोरॉन विषारी यांत अंतर फार थोडं आहे. फुलोऱ्यात डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) द्यायचं असेल तर 200 ग्रॅम रात्रभर भिजवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी गाळून घ्या. डीएपी आणि मॅग्नेशियम किंवा झिंक सल्फेट एका टाकीत कधीच घालू नका. साका बसतो, नोझल तुंबतं आणि झाडाला दोन्ही मिळत नाहीत. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि पायाखाली ओल असतानाच करा.

सगळ्या शेतावर मारायच्या आधी दहा झाडांना चिंध्या बांधा आणि तेवढीच फवारा. आठव्या दिवशी लाल झालेलं पान बघत बसू नका, ते पुन्हा हिरवं होणार नाही. नंतर आलेली पानं पाहा आणि शेजारच्या न फवारलेल्या झाडांशी ताडून बघा. फरक दिसला तर उरलेलं शेत घ्या. नसेल, तर दुसरी बाटली आणण्यापेक्षा एक चांगलं आणि एक बिघडलेलं झाड मुळासकट ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. जळगावकडच्यांना ममुराबाद किंवा पाल आहे, नंदुरबारकडच्यांना कोळदा. सोबत लावणीची तारीख, दिलेली खतं आणि शेवटच्या मोठ्या पावसाचा दिवस कागदावर लिहून न्या. मोबाइलवरच्या एका पानाच्या फोटोवरून मूळ कुणालाच दिसत नाही.