वाकडं नाक सरळ करून घ्यायचंय? आधी या चुका टाळा

"नाकाचं हाड वाढलंय" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. बहुतेक वेळा हाड वाढलेलंच नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो. बाहेरचं नाक त्याच पडद्याच्या आधाराने उभं असल्यामुळे तेही बऱ्याचदा त्याच्यासोबत झुकतं. म्हणून "कोणतं ऑपरेशन करू?" हा प्रश्न नंतरचा. नाक नेमकं कुठे वाकलंय आणि कशामुळे, हे आधी कळायला हवं.

सेल्फी पाहून निर्णय घेणं

हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ येतं. ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत ते खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणिताने मांडून दाखवलं. त्यात बऱ्याच फोनमध्ये सेल्फीची उजवी-डावी बाजू उलटी उमटते.

त्याऐवजी केस मागे घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी दीड मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो काढायला सांगा. एक समोरून, दोन बाजूंनी आणि एक मान वर करून खालून. समोरच्या फोटोची प्रिंट काढा. भुवयांच्या मधोमध एक दोरा धरा आणि वरच्या ओठाच्या खळगीवरून हनुवटीच्या मध्यापर्यंत ताणा. नाक दोऱ्यापासून कुठे सुटतं ते पाहा. वरच्या तिसऱ्या भागात सुटलं तर दोष हाडात. मधल्या भागात सुटलं तर वरच्या कूर्चेत (कूर्चा म्हणजे मऊ, लवचिक हाड) आणि पडद्यात. फक्त शेंडा सुटला तर पडद्याच्या पुढच्या टोकात किंवा शेंड्याच्या कूर्चेत. हनुवटीच दोऱ्यावर बसत नसेल, तर चेहराच दोन बाजूंनी सारखा नाही. एका गालाचं हाड थोडं मागे असलं की त्या बाजूची नाकपुडीही मागे बसते आणि नाकावरच्या ऑपरेशनने ते पूर्ण बदलत नाही. हे ऑपरेशनच्या आधी ऐकलेलं बरं. नंतर ऐकलं की फसवल्यासारखं वाटतं.

मार लागल्यावर "सूज उतरू दे, मग बघू" म्हणत बसणं

क्रिकेटचा बॉल, कबड्डीतलं कोपर, दुचाकीवरून पडणं. वाकड्या नाकाचं हे अगदी नेहमीचं कारण, आणि त्यातलं बरंचसं वेळेत सुधारता येतं. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड साधारण ७ ते १० दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, चिरा न देता जागेवर बसवता येतं. मुलांची हाडं लवकर जुळतात, त्यांच्याबाबतीत ५ ते ७ दिवसच धरा. सूज पाहून डॉक्टर तीन-चार दिवसांनी बोलावतील, पण पहिली तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.

त्या तपासणीचं खरं कारण सौंदर्य नाही. मारानंतर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साचू शकतं. नाकपुडीत टॉर्च मारली की मधल्या पडद्यावर जांभळट, पिकल्या जांभळासारखी मऊ फुगवटी दिसते आणि नाक गच्च बंद होतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या आवरणातूनच होतं. मधे रक्त साचलं की ते तुटतं आणि तीन-चार दिवसांत कूर्चा मरू लागते. पुढे नाकाचा दांडा घोड्याच्या खोगिरासारखा खचतो. हे रक्त त्याच दिवशी काढायला हवं. हाडवैद्याकडे जाऊन नाक ओढून घेऊ नका.

दोन आठवडे उलटून गेले असतील तर घाई करण्यात अर्थ नाही. हाड जुळू द्या, ३ ते ६ महिने थांबा आणि मग पूर्ण ऑपरेशनचा विचार करा. केस पेपर जपून ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या अपवादांनुसार निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा मिळत नाही, पण अपघातानंतरच्या दुरुस्तीला मिळू शकतो.

पडदा तसाच ठेवून वरवर नाक सरळ करणं

पुन्हा वाकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. हाड कापून मधोमध आणलं, पण आतला पडदा तिरकाच राहिला, तर काही महिन्यांत तो नाकाला परत आपल्या बाजूला ओढतो. कूर्चेला आपला जुना बाक आठवतो, असं म्हटलं तरी चालेल.

नीट केलेल्या ऑपरेशनमध्ये पडद्याचा वाकलेला भाग मधून काढतात, पण दांड्याकडे आणि पुढच्या बाजूला किमान १० मिलीमीटरची, बहुतेकदा १० ते १५ मिलीमीटरची, पट्टी ठेवावीच लागते. तिच्यावरच नाक उभं असतं. जास्त कापलं तर दांडा बसतो. मधला भाग एका बाजूने दबलेला असेल तर काढलेल्या कूर्चेची काडीपेटीतल्या काडीसारखी बारीक पट्टी दांड्यालगत शिवतात. तिला स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. ती पडद्याला खपाचीसारखा आधार देते आणि श्वासाची अरुंद वाटही मोकळी करते. हाडं दोन्ही बाजूंना सारखी कापून भागत नाही. ज्या बाजूचं हाड लांब आणि उतरतं असतं, तिथे जास्त काम लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी दुर्बिणीने नाकात पाहिलं का, गाल बाजूला ओढून श्वास मोकळा होतो का हे तपासलं का, याकडे लक्ष द्या. फक्त बाहेरून पाहून कॉम्प्युटरवर सरळ नाकाचं चित्र दाखवलं असेल, तर दुसरं मत घ्या. ॲलर्जीची सर्दी मात्र पडदा सरळ केल्याने जात नाही, तिचं औषध वेगळं चालू ठेवावं लागतं.

फिलरने "पंधरा मिनिटांत सरळ"

फिलर म्हणजे सुईने त्वचेखाली भरायचं जेल. ते नाक सरळ करत नाही, खड्डा भरून ते सरळ भासवतं. एका बाजूला छोटी खोलगट जागा असेल तर ते चालतं आणि साधारण ६ ते १८ महिने टिकतं. मोठं वाकडेपण लपवायला गेलं तर नाक रुंद दिसतं, श्वासाचा त्रास तसाच राहतो. धोका मात्र मोठा आहे. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल चुकून आत गेलं तर त्वचा काळी पडून झडू शकते, क्वचित कायमचं अंधत्व येतं. ब्युटी पार्लरमध्ये हे कधीही करू नका. हायलुरोनिक ॲसिडचंच फिलर निवडा आणि ते विरघळवणारं हायलुरोनिडेज तिथे हाताशी आहे का, हे सुई लागण्याआधी विचारा. टोचल्यावर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे डाग आले, अचानक जोरात दुखलं किंवा नजर धूसर झाली, तर घरी जायचं नाही, उपचार तिथेच आणि लगेच व्हायला हवा.

सिलिकॉनच्या तयार पट्टीबद्दलही सावध राहा. वाकड्या नाकात ती सरकते, वर्षांनंतरही तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो, कधी ती त्वचा फाडून बाहेर येते. पडद्याची, कानाची किंवा बरगडीची स्वतःची कूर्चा जास्त भरवशाची. स्वतःच्या शरीराचा भाग नाकात जगतो, हे आपल्याकडे जुनं ज्ञान आहे. पुण्याजवळ कपाळाच्या कातडीने एका गाडीवानाचं कापलेलं नाक पुन्हा बनवल्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली, आणि युरोपातल्या सर्जननी पुढे तीच वाट धरली.

तयारीत राहून जाणाऱ्या गोष्टी

तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. मिश्री, गुटखा, तपकीर सगळं किमान चार आठवडे आधी बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने थांबवू नका. चमकी, मुरणी काढून जा. नथ पुन्हा कधी घालायची ते डॉक्टरांनाच विचारा. चापाची नथही नाकपुडी दाबते, त्यामुळे लग्न ठरलं असेल तर तारीख पाहूनच ऑपरेशन ठरवा. वयाचं म्हणाल तर मुलींनी १५-१६ आणि मुलांनी १७-१८ वर्षांपर्यंत थांबणं बरं.

डॉक्टरांची पदवी पाहा: प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी, नाहीतर नाकाच्या बाह्य शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ.

घरी आल्यावर

बरं व्हावं म्हणून वाफ घेणं आणि नाकात तूप किंवा तेल सोडणं, या घरच्या सवयी इथे नडतात. गरम वाफेने सूज आणि रक्तस्राव वाढतो. मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे दिवसातून चार-पाच वेळा मारा. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवा. पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोपा. नाकावर बसवलेला साचा (प्लास्टर) साधारण सात दिवस राहतो, तो भिजवू नका. चष्मा चार ते सहा आठवडे दांड्यावर टेकवू नका.

साचा निघाल्यावर आरशात नाक पुन्हा तिरकं दिसलं तर घाबरू नका. ज्या बाजूला जास्त काम झालं, तिची सूज उशिरा उतरते. शेंड्याची सूज जायला वर्ष लागतं, जाड त्वचेत दीड वर्षही. पण दाबूनही १५-२० मिनिटांत न थांबणारं रक्त, ताप, एकाच बाजूला वाढत जाणारं दुखणं आणि बंद पडलेलं नाक, यासाठी त्याच रात्री फोन करा.

दुसऱ्या ऑपरेशनची घाई

किमान वर्षभर थांबा. आतले व्रण मऊ होण्याआधी पुन्हा उघडलं की थर वेगळे होत नाहीत आणि त्वचेला इजा होते. दुसऱ्या वेळी पडद्याची कूर्चा बऱ्याचदा संपलेली असते, मग कान किंवा बरगडीकडे जावं लागतं. म्हणून पहिल्याच हॉस्पिटलमधून ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. पडदा किती उरलाय, ग्राफ्ट कुठे बसवलाय आणि टाके कुठे आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या सर्जनला तेच लागतं.