‘एकच प्याला’ वर्गात कसं शिकवायचं (आणि मी आधी कसं बिघडवलं)

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमचा एक आठवडा वाचेल. पहिल्या वर्षी अकरावीला मी सरळ फळ्यावर लिहायला घेतलं, राम गणेश गडकरी, जन्म १८८५, मृत्यू १९१९, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकं ही ही ही, आणि शेवटी ते वाक्य, ‘या नाटकातून दारूचे दुष्परिणाम दाखवले आहेत’. झालं, नाटक तिथेच मेलं. मुलांनी इमानदारीत पोस्टर करून आणली, बाटलीवर कवटी वगैरे काढून, पण सुधाकर कोण आणि तो प्यायला का लागला हे एकालाही सांगता येईना.

आता मी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिते, तळीराम. थर्टी फर्स्टच्या बातम्यांमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, ‘तळीरामांवर पोलिसांची नजर’ हे दरवर्षी छापून येतंच. मग विचारायचं, हा तळीराम आला कुठून? कोणी म्हणतं शिवी आहे, कोणी म्हणतं तळाला गेलेला तो तळीराम (हे मला आवडलं, पण नाही). तो शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातल्या वकिलाचा कारकून आहे हे कळलं की वर्ग जागा होतो. एखादं पात्र भाषेत सामान्यनाम होऊन बसतं यापेक्षा मोठी ओळख कुठली देणार.

दुसऱ्या तासाला कोर्ट. दारूचं नाव काढू नका. सुधाकर हा हुशार, तापट आणि भयंकर मानी वकील, कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, त्याचा खटका उडतो आणि वकिलीची सनद काही महिन्यांसाठी जाते. एवढंच सांगा आणि थांबा. मग विचारा की सगळ्यांसमोर कोणी तुमचा पाणउतारा केला तर त्या रात्री काय करता? मुलं बोलतात, खूप बोलतात, एक मुलगी म्हणाली मी त्या रात्री फोन बंद करून ठेवला होता, मुलगे आधी ‘काही नाही मॅडम’ म्हणतात आणि मग पाच मिनिटांनी सांगायला लागतात. अशा वेळी बाजूला तळीराम उभा असतो, विसरायला एकच घ्या म्हणणारा. आता तो प्रवेश वाचायला घ्या. माझ्या मते हे नाटक दारूचं नाहीच, अपमान गिळता न येणाऱ्या माणसाचं आहे, दारू हे त्याला सापडलेलं हत्यार. हे पटलं नाही तरी शिकवताना असं धरून चाला, शोकांतिका म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

व्याख्या द्यायचीच असेल तर थोडक्यात द्या. संस्कृत नाटकाला गोड शेवटाची सवय, शाकुंतलात कितीही ताटातूट झाली तरी शेवटी सगळे भेटतात. मराठीत विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ नाटकाचा (१८६१) शेवट मृत्यूने झाला, मग इंग्रजी शिकलेल्यांनी शेक्सपिअर मराठीत आणला, आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ऑथेल्लोचं ‘झुंझारराव’. बस. याच्यावर अर्धा तास घालवू नका, मी घालवलाय, काही उपयोग झाला नाही.

खरा वेळ द्यायचा तो काळ ऐकवायला. ऐकवायला म्हणतेय, सांगायला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ संगीत करून उभं केलं आणि पुढची पन्नासेक वर्षं मराठी माणूस नाटक ‘बघायला’ कमी आणि ऐकायला जास्त जात होता. स्पीकर घेऊन जा, यूट्यूबवर याच नाटकातलं बालगंधर्वांचं ‘कशि या त्यजू पदाला’ मिळतं, डोळे मिटायला लावा आणि लावा. पहिल्यांदा हसतात, खरखर असते, आवाज नाकातून येतोय म्हणतात, हसू द्या. मग सांगा की ही बाई नाहीये, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष आहे, आणि मग परत लावा. दुसऱ्यांदा कोणी हसत नाही. मग सांगायचं की रेकॉर्डवर हे तीनेक मिनिटांत गुंडाळलंय, स्टेजवर वन्समोअर मिळत गेले की तेच पद कितीतरी वेळ चालायचं, त्यामुळे नाटक रात्री सुरू होऊन उजाडायला संपणं यात कोणाला नवल वाटत नव्हतं, आणि माइक नव्हता, मागच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्यावर पोचायचं. एका मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात उभं करून पंख्याच्या आवाजात एक वाक्य शेवटच्या बाकापर्यंत पोचव म्हणा. ओरडल्याशिवाय. दोन मिनिटांत कळतं हे काम काय होतं ते.

इथे एक तपशील सांगायलाच हवा, कारण नाटक आणि काळ इथे एकत्र येतात. गंधर्व नाटक मंडळी, म्हणजे बालगंधर्वांची कंपनी, म्हणजे थाट. भारी शालू, दागिने, साथीला पुढे थिरकवाखाँसाहेबांसारखा तबलजी, बालगंधर्वांनी नेसलेलं लुगडं आणि घातलेली वेणी घरोघरच्या बायका उचलायच्या. आणि तोच माणूस या नाटकात सुधाकरची बायको सिंधू म्हणून शेवटच्या अंकांत ठिगळ लावलेल्या फाटक्या लुगड्यात जात्यावर बसतो. आज मुलांना हे कॉस्च्युम चेंज वाटतं. त्या प्रेक्षकाला तो धक्का होता. मी बोर्डावर दोन फोटो शेजारी लावते आणि काही बोलत नाही.

पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९, बडोदा. गडकरी २३ जानेवारीला सावनेरला वारले होते, म्हणजे महिना पण झाला नव्हता. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सुधाकर झाले गणपतराव बोडस. ही माहिती आत्ता द्या, पहिल्या दिवशी नाही, आता ती मुलांना लागते.

वाचनाबद्दल. अख्खं पाच अंकी नाटक वर्गात होत नाही, त्याचा हट्ट धरू नका. रामलाल, शरद आणि भगीरथ यांचं उपकथानक मी दोन वाक्यांत सांगून सोडून देते, बालविधवेचा प्रश्न त्यात आहे, ज्याला रस आहे तो वाचेल. पण आर्यमदिरामंडळाचा प्रवेश सोडू नका, बेवड्यांची मंडळी स्थापन होते तो, कारण मुलं तिथे पोट धरून हसतात आणि ते हसणंच गडकऱ्यांना हवं होतं, पुढे त्या हसण्याचे पैसे व्याजासकट वसूल होतात. भाषा जड आहे, लांबलचक अलंकारिक वाक्यं, एका दमात म्हणताच येत नाहीत. त्यामुळे झेरॉक्स द्या (लेखकाला जाऊन शंभर वर्षं झालीत, कॉपीराइटची काळजी नाही), कुठे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलने रेघ मारायला सांगा, मग वाचू द्या. सिंधू मुलालाच वाचायला द्या. स्त्रीपार्टीवर, म्हणजे पुरुषांनी बायकांची कामं करण्यावर, लेक्चर देण्यापेक्षा हे बरं. पहिलं पान गोंधळात जातं, तिसऱ्या पानाला शांत होतं, मी दरवर्षी बघते.

सिंधूवरून भांडण होणारच. नवरा दारुडा, घरात खायला नाही, भाऊ पद्माकर घरी चल म्हणतो आणि ही नाही म्हणते, वर पद गाते. मुली चिडतात, मॅडम ही वेडी आहे का. सारवासारव करू नका, ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून तर मुळीच दाबू नका, कारण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे जी नवऱ्याला तोंडावर फाडफाड बोलते. दोघींची एकेक पान वाचा आणि वर्गाचे दोन गट करा. एकदा आमच्याकडे गीताच्या बाजूला सगळ्या मुली आणि दोन मुलगे, सिंधूच्या बाजूला उरलेले मुलगे, त्यावरून जे काही पेटलं ते बेल वाजल्यावर जिन्यात पण चालू होतं.

अजून एक खेळ, याला खर्च शून्य. कागदाची उभी पट्टी, तिच्यावर कथेतले टप्पे क्रमाने, आणि प्रत्येक गटाने ‘इथे थांबता आलं असतं’ तिथे घडी घालायची. बहुतेक जण पहिल्या प्याल्यावर घालतात. मग आठवण करून द्या की मधे सुधाकर दारू सोडतो सुद्धा, कामासाठी सभ्य लोकांच्या दारात जातो आणि तिथे परत अपमान. परत तीच गोष्ट. काही गट घडी उलगडून पुन्हा घालतात, कोर्टावर.

आता जे कोणी सांगत नाही ते. ‘तुमच्या ओळखीत कोणी पितं का’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नका, निबंधाला पण हा विषय देऊ नका. चाळीस पोरांत दोन-तीन घरी तळीराम असतोच आणि त्यांना हे नाटक आधीच पाठ असतं. माझ्या वर्गातला एक मुलगा जात्याच्या प्रवेशाला उठून पाणी प्यायला गेला आणि तास संपेपर्यंत आला नाही, मी हजेरी लावून टाकली आणि काही विचारलं नाही. नंतर एकटा भेटला तेव्हा तो बोलला, ते त्याचं आहे, इथे लिहीत नाही.

शेवटच्या अंकाचं टायमिंग मात्र जपा. काठीचा मार, बाळाचं मरण, मरताना पण सिंधूने फौजदाराला खोटं सांगून नवऱ्याला वाचवणं, सुधाकरच्या शेवटच्या प्याल्यातलं विष, हे एका बैठकीत व्हायला हवं, उद्या पुढे वाचू असं म्हणता येत नाही. डबल पिरियड मागून घ्या. मधल्या सुट्टीच्या आधीचा नको, डब्यांचे आवाज सुरू होतात, आणि पीटीच्या आधीचा तर नकोच.