ट्रेकला जीन्स घालणं सोडलं तेव्हा

नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीतून, हरिश्चंद्रगड चढताना माझी जीन्स आसनात, दोन्ही पाय जुळतात तिथे, उसवली. पायथ्याच्या बेलपाडा गावाहून निघाल्यावर ओढ्यात गुडघ्यापर्यंत भिजलो होतो. ओलं डेनिम मांडीला चिकटलं, कातळटप्प्यावर पाय उंच टाकला की कापड मागे ओढायचं. मला वाटत होतं, माझी ताकदच कमी पडतेय. अडवत होतं ते कापड.

नंतर पातळ नायलॉनची, थोडी ताणली जाणारी पँट घेतली. दुकानातच उकिडवा बसलो, मग स्टुलावर पाय ठेवून गुडघा छातीला लावून पाहिला. कंबर खाली सरकली नाही, तीच उचलली. तिच्या आसनात चारही शिवणी एका ठिकाणी येत नाहीत. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलाय. पाय मोकळा उचलला जातो तो त्यामुळेच.

घोट्याशी नाडी हवीच, नाहीतर उतरताना पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. हाफ पँट मला पटत नाही, करवंदाच्या जाळ्या पोटऱ्या सोलून काढतात. आणि बूड टेकत उतरताना कापड झिजतं, म्हणून शिंप्याकडून मागे आतून दुहेरी कापड लावून घेतलं. त्याच वाटेने पुन्हा गेलो, एकही टाका सुटला नाही.