दोन ग्राफिक्स कार्ड एकाच पीसीत? आधी या चुका टाळा

जीटीएक्स १०८० टीआय घरात आहेच, तसंच दुसरं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड स्वस्तात मिळतंय, मग दोन्ही जोडली की नव्या कार्डाचा खर्च वाचला! हा हिशेब कागदावर झकास दिसतो. गेम सुरू केला की फसतो.

कार्डांची बेरीज होत नाही

दोन कार्ड जोडायची सोय म्हणून एनव्हिडियाने एसएलआय २००४ मध्ये आणलं, एटीआयने (आताची एएमडी) क्रॉसफायर २००५ मध्ये. बहुतेक गेममध्ये दोन्हींची पद्धत एकच: एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, हे कार्ड काढणार, पुढची ते. प्रत्येक कार्डाला अख्खा गेम स्वतःच्या मेमरीत ठेवावा लागतो, त्यामुळे ११ जीबी आणि ११ जीबी मिळून २२ होत नाहीत, ११ च राहतात. ‘दुसरं कार्ड टाकलं तरी टेक्श्चर (चित्रातला बारकावा) अल्ट्रावर ठेवता येत नाही’ या तक्रारीचं कारण हेच.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आजचे गेम कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती फ्रेम असते शेजारच्या कार्डावर. ती तिकडून आणेपर्यंत जो वेळ जातो, त्यात दोन कार्डांचा फायदा वाहून जातो. गेम बनवणाऱ्यांनी मग नादच सोडला. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० एक्सटीला क्रॉसफायर नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होती, ४० मालिकेत कुणालाच नाही. आणि १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल (गेमगणिक लागणारी सेटिंग) देणंही थांबवलं. थोडक्यात, नव्या गेमसाठी एसएलआयच्या आशेवर दुसरं कार्ड घेऊ नका. जुनी जोडी घरात पडून असेल आणि जुने गेम खेळायचे असतील, तर मजा म्हणून लावा की.

कंट्रोल पॅनेलमध्ये एसएलआय दिसतच नाही

आधी जोडी तपासा. १०७० आणि १०८० एकत्र चालत नाहीत. मॉडेल तेच हवं, कार्डाची कंपनी वेगळी असली तरी हरकत नाही. जीटीएक्स १०६० ला तर एसएलआय मुळातच नाही, ब्रिज, म्हणजे दोन कार्ड जोडणारी पट्टी, लावायची जागासुद्धा नाही. मग पाहा मदरबोर्ड. दुसरा स्लॉट लांबीला एक्स १६ दिसतो, पण आत अनेकदा चारच लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या असतात. एनव्हिडियाला एसएलआयसाठी किमान आठ लागतात.

हे जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’च्या ओळीत कळतं. ‘@’ च्या पुढचा आकडा खरा. तिथे ‘एक्स १६ ३.० @ एक्स ८ १.१’ दिसलं तर घाबरू नका. कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला लिंकचा वेग उतरतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावा, १.१ चं ३.० होईल. पण एक्स ४ चं एक्स ८ होणार नाही. काही बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की दुसऱ्या स्लॉटच्या लेन कमी होतात. मॅन्युअलमधला तक्ता वाचल्याशिवाय कार्डाला दोष देऊ नका.

एफपीएस भरपूर, तरी गेम अडखळतो

हा मायक्रो-स्टटर. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ही सरासरी आहे. दोन फ्रेममधलं अंतर कमीजास्त झालं की डोळ्याला ते खुपतं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख लावा. रेघ करवतीच्या दातांसारखी दिसली, तर एफपीएसवर थोडी खालची मर्यादा घाला. तरी नाही जमलं तर त्या गेमपुरतं एसएलआय बंद करून बघा. पुष्कळदा एका कार्डावर तो जास्त सुखाने चालतो.

लोड आला की पीसी बंद

दोन १०८० टीआय म्हणजे कार्डांचेच ५०० वॅट. चांगल्या कंपनीचा ८५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) हा माझ्या मते किमान. एकाच केबलच्या दोन टोकांवर कार्ड भागवू नका, प्रत्येक पॉवर सॉकेटला वेगळी केबल ओढा.

आपल्याकडे मात्र संशयित आणखी एक: यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. पावसाळ्यात लाइट गेली की क्षणभर बीप आणि सगळं काळं. पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून तोच गेम चालवा. चालला, तर कार्ड आणि एसएमपीएस निर्दोष.

उष्णतेचं थोडक्यात: वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, म्हणून तेच आधी तापतं. मधे एक स्लॉट मोकळा सोडता आला तर सोडा. विदर्भातल्या मे महिन्यात कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून बसावं लागलं तरी लाज नाही.

आज दोन कार्डांचा खरा उपयोग कुठे

लॉसलेस स्केलिंगसारख्या सॉफ्टवेअरमुळे हा छंद पुन्हा जिवंत झालाय. इथे कामाची वाटणी आहे: मोठं कार्ड गेम चालवतं, छोटं गेमच्या दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम तयार करतं. जोडी सारखी नको, ब्रिज नको, एक एनव्हिडिया आणि एक एएमडी असलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मॉनिटरची केबल मोठ्या कार्डात ठेवणं. ती छोट्यात हवी, नाहीतर तयार फ्रेम पुन्हा उलट्या पावली मोठ्या कार्डाकडे जातात. केबल हलवल्यावर गेमच छोट्या कार्डावर सुरू झाला, तर विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ‘ग्राफिक्स’खाली, हाय परफॉर्मन्ससाठी मोठं कार्ड निवडा. आणि छोटं कार्ड एक्स १ स्लॉटमध्ये खुपसू नका. ४के फ्रेम त्या बोळातून जात नाहीत.

दोन्ही कार्ड एनव्हिडियाची असतील तर ड्रायव्हर एकच लागतो. जीटीएक्स ७८० ला नव्या ड्रायव्हर मालिका मिळणं २०२१ मध्येच थांबलं, त्यामुळे ते आरटीएक्स ४० शेजारी चालायचं नाही. ५८० ही जीटीएक्स ९०० आणि १००० ची शेवटची ड्रायव्हर मालिका. दुसरं कार्ड नव्याने घेणार असाल तर एएमडीचं किंवा निदान आरटीएक्स घ्या. बदलताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने काढून टाका.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करणाऱ्यांना मात्र यातलं फारसं काही लागत नाही. दोन्ही कार्ड एकाच कंपनीची असली की ब्लेंडरचं सायकल्स रेंडर इंजिन ती दोन्ही वापरतं, प्रेफरन्सेसमध्ये दोघांवर टिक हवी इतकंच. एसएलआय चालू असेल तर तेवढं आधी बंद करा.